हाड जुळेपर्यंत टिकणारा धातू

दिल्लीचा लोहस्तंभ

दिल्लीस गेलेला प्रवासी मेहरौलीचा कुतुबमिनार पाहावयास जातो, तेव्हा त्याच आवारातील लोहस्तंभापाशीही तो थोडा वेळ थांबतो. सुमारे ७.२ मीटर उंचीचा व सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ घडीव लोखंडाचा आहे. त्यावरील लेखात चंद्र नावाच्या राजाचा उल्लेख असून, तो गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त होय, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे हे लोखंड सुमारे सोळाशे वर्षे ऊन, पाऊस व धूळ सोशीत उभे आहे. आपल्या घराच्या खिडकीचे गज रंग न दिल्यास दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस होतात व त्यांचे पोपडे निघू लागतात. स्तंभाचा जमिनीवरील भाग मात्र जवळजवळ शाबूत आहे.

या आश्चर्याचे कारण अनेकांनी शोधले. जमशेदपूर येथील राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६३ मध्ये त्याविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम् यांनी २००० मध्ये या प्रश्नाचा अधिक खोलवर उलगडा केला. प्राचीन लोहकार भट्टीत लोणारी कोळसा वापरीत, परंतु चुनखडी घालीत नसत. त्यामुळे धातुपाषाणातील फॉस्फरस निघून न जाता लोखंडातच राहिला. स्तंभाच्या लोखंडात तो सुमारे पाव टक्का आहे. आजच्या साध्या पोलादात तो सहसा ०.०५ टक्क्याहूनही कमी ठेवतात. हवेतील ओलावा, लोखंड व फॉस्फरस यांच्या संयोगाने धातूस लागूनच लोह-फॉस्फेटाचा एक घट्ट, स्फटिकमय पापुद्रा तयार झाला. तो मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ आहे. दिल्लीची वर्षातील पुष्कळ महिने कोरडी असणारी हवाही त्याच्या मदतीस आली. सहा टन लोखंडाचे रक्षण एवढ्याशा थराने केले आहे.

या स्तंभापासून काही किलोमीटरांवरच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जयप्रकाश नारायण अपघात-चिकित्सा केंद्रात मोडलेली हाडे घेऊन रोज माणसे येतात. तेथेही धातू आणि त्याचे क्षरण हाच विषय निघतो. परंतु प्रश्नाचे स्वरूप पार पालटलेले असते. धातू शेकडो वर्षे टिकावा अशी तेथे कोणाची इच्छा नसते. हाड जुळेपर्यंत त्याने खंबीर राहावे आणि मग निमूटपणे नाहीसे व्हावे, अशी अपेक्षा असते. असा धातू मिळेल काय, आणि मिळाल्यास त्याचा काळ कसा मोजून द्यावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न

मोडलेले हाड आपणहून जुळते. वैद्याचे काम एवढेच की, त्याचे दोन्ही तुकडे योग्य जागी आणून ते हलू न देणे. साध्या अस्थिभंगात बाहेरून प्लास्टर घालून हे साधते. हाडाचे अनेक तुकडे झाले असल्यास, किंवा भंग सांध्याजवळ असल्यास, शल्यवैद्यास धातूची पट्टी, सळई किंवा स्क्रू आत बसवावा लागतो. शरीरात बसविलेल्या अशा वस्तूस ‘इंप्लांट’ म्हणतात. आपण तिला ‘रोपण’ म्हणू. बहुतेक रोपणे गंजरोधी पोलादाची किंवा टिटॅनियमच्या मिश्रधातूची असतात.

कमान बांधताना गवंडी खाली लाकडी आधार देतो. चुना धरला व कमान आपल्या भाराने उभी राहू लागली की, आधार काढून घेतात. रोपणाचेही काम असेच तात्पुरते आहे. पण गवंड्यास आधार काढणे सोपे असते. शल्यवैद्यास तो काढावयाचा तर रुग्णास पुन्हा भूल द्यावी लागते, पुन्हा कातडी व स्नायू कापावे लागतात, जंतुदोषाचा धोका पुन्हा पत्करावा लागतो. प्रत्येक रोपण काढावेच लागते असे नाही. परंतु लहान मुलांची हाडे वाढत असतात. पट्टी तशीच राहिल्यास ती वाढीच्या आड येऊ शकते किंवा हाडात गाडली जाते. म्हणून मुलांच्या बाबतीत ती काढून टाकण्याचा निर्णय अनेकदा घ्यावा लागतो. दूरच्या गावाहून मूल घेऊन शहरातील रुग्णालयात आलेल्या मजुराच्या दृष्टीने ही दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा बुडालेली मजुरी व पुन्हा तीच धास्ती.

दुसरीही एक अडचण आहे. हाड हा जिवंत पदार्थ असून त्यावर जितका भार पडेल त्या मानाने ते बळकट राहते. पदार्थ ताणास किती दाद देत नाही, याचे माप अभियंते गिगापास्कल या एककात सांगतात. हाडाच्या कठीण भागाचे हे माप सुमारे १५ ते २०, टिटॅनियमच्या मिश्रधातूचे सुमारे ११० आणि पोलादाचे सुमारे २०० भरते. पोलादी पट्टी हाडापेक्षा कितीतरी ताठर असल्यामुळे बराचसा भार तीच उचलते. मग काम न राहिलेले हाड पट्टीखाली हळूहळू विरळ होऊ लागते. मॅग्नेशियमचे माप सुमारे ४५ आहे; म्हणजे तो हाडाच्या पुष्कळ जवळचा आहे. वजनालाही तो हलका आहे. एक घनसेंटिमीटर मॅग्नेशियमचे वजन १.७४ ग्रॅम, तर तेवढ्याच टिटॅनियमचे ४.५ ग्रॅम भरते.

मॅग्नेशियमचा स्वभाव

सर हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने हा धातू प्रथम वेगळा केला. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची फीत डोळे दिपविणाऱ्या ज्योतीने जळताना विद्यार्थ्यांनी पाहिलीच असेल. आपल्या शरीरास तो परका नाही. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते व त्याचा निम्म्याहून अधिक भाग हाडांत असतो. धान्ये, डाळी, पालेभाज्या यांतून रोज सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आपणांस मिळावे लागते आणि जास्त झालेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

पाण्याशी त्याची क्रिया सहज होते. मॅग्नेशियम व पाणी यांपासून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन वायू तयार होतात. हायड्रॉक्साइडचा पांढरट थर धातूवर बसतो व साध्या पाण्यात तो पुढील क्रिया मंद करतो. शरीरातील द्रव मात्र खारट असतो. मिठातील क्लोराइड या हायड्रॉक्साइडचे विद्राव्य मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये रूपांतर करते. थर विरघळतो व उघडा पडलेला धातू पुन्हा पाण्याच्या तावडीत सापडतो.

मॅग्नेशियमचे ऑक्साइडही त्याला पुरते झाकू शकत नाही. पिलिंग व बेडवर्थ या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये एक साधी कसोटी सुचविली. धातूच्या घनफळाशी त्यापासून होणाऱ्या ऑक्साइडचे घनफळ ताडून पाहावे. शंभर घनमाप ॲल्युमिनियमपासून सुमारे १२८ घनमाप ऑक्साइड होते व ते पृष्ठभाग नीट झाकते. शंभर घनमाप मॅग्नेशियमपासून सुमारे ८१ घनमापच होते. आखूड चादरीने अंग झाकावयास जावे, तसा हा प्रकार आहे; कोठे तरी उघडे राहतेच.

आठ दिवसांत विरलेली पट्टी

शरीरात विरून जाणाऱ्या धातूची कल्पना नवी नाही. एडवर्ड ह्यूस या वैद्याने १८७८ मध्ये रक्तवाहिन्या बांधण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली. ग्राझ येथील शल्यवैद्य एर्व्हिन पायर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या धातूच्या नळ्या, तारा व पत्रे यांचे प्रयोग केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियममधील आल्बँ लाम्बोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडास मॅग्नेशियमची पट्टी बसविली. परंतु ती पोलादी खिळ्यांनी ठोकली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले व कातडीखाली वायूचे फुगे साठले.

चूक कोठे झाली, हे आज शाळेतील विद्यार्थीही सांगू शकेल. दोन भिन्न धातू खारट द्रवात एकमेकांस चिकटून राहिले की, त्यांचा विद्युत्घट बनतो. त्यात अधिक क्रियाशील धातू झिजतो व दुसऱ्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन निघतो. लाम्बोत यांनी नकळत रुग्णाच्या पायात एक विद्युत्घट बसविला होता. बाहेरचा खिळाच हवा असेही नाही. मॅग्नेशियममध्येच लोह, निकेल किंवा तांबे यांचे कण मिसळलेले असले, तर तेही असेच घट निर्माण करतात. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोहाचे प्रमाण दहा लाखांत सुमारे १७० भागांच्या वर गेले की क्षरणाचा वेग एकदम वाढतो, असे १९४२ मध्ये हॅनावॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. लाम्बोत यांच्या काळी धातू इतका शुद्ध करणे शक्य नव्हते. पुढे गंजरोधी पोलाद आले आणि मॅग्नेशियम मागे पडले.

एका स्क्रूचा हिशेब

प्रश्न नेमका कशाचा आहे, हे एका छोट्या हिशेबाने स्पष्ट होईल. तीन मिलिमीटर व्यासाचा व तीस मिलिमीटर लांबीचा एक स्क्रू घेऊ. आटे सोडून तो साधा दंडगोल मानल्यास त्याचे घनफळ सुमारे ०.२१ घनसेंटिमीटर व वजन सुमारे ३७० मिलिग्रॅम येते. म्हणजे सबंध स्क्रूत आपल्या एका दिवसाच्या आहारातील मॅग्नेशियमइतकाच धातू आहे! धातूच्या प्रमाणाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता वायू पाहू. एक ग्रॅम मॅग्नेशियमपासून शरीराच्या तपमानास सुमारे एक लिटर हायड्रोजन होतो. आपल्या स्क्रूपासून सुमारे ३९० मिलिलिटर होईल. तो आठ दिवसांत विरला, तर रोज जवळजवळ ५० मिलिलिटर वायू एका लहानशा जखमेत साठेल. ऊतक फाटतील व हाड जुळणे थांबेल. तोच स्क्रू वर्षभरात विरला, तर रोज एक मिलिलिटरच्या आसपास वायू होईल, व रक्त तो हळूहळू वाहून नेईल. दोन्ही प्रसंगी धातू तितकाच व वायूही तितकाच. फरक आहे तो वेगाचा. त्या वेगास लगाम घालण्यासाठीच आवरण हवे.

वेगाबरोबर वेळापत्रकही महत्त्वाचे आहे. हाड जुळण्यास साधारणपणे दोन-तीन महिने व कधी त्याहून अधिक काळ लागतो. निदान पहिले तीन महिने रोपणाचे बळ टिकले पाहिजे. त्यानंतर हाड जसजसा भार घेऊ लागेल, तसतसे रोपणाने आपले अंग काढून घ्यावे.

वेग कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला धातूच्या घडणीचा. अशुद्धी काढून टाकणे व जस्त, कॅल्शियम, यिट्रियम यांसारखी मूलद्रव्ये योग्य प्रमाणात मिसळणे, हा त्याचा आशय. जर्मनीतील हॅनोव्हर येथे अशा मिश्रधातूचे स्क्रू पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियेत २६ रुग्णांवर तपासण्यात आले. सहा महिन्यांच्या निरीक्षणात त्यांचा परिणाम टिटॅनियमच्या स्क्रूइतकाच चांगला आढळला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी त्या स्क्रूस युरोपात मान्यता मिळाली. दक्षिण कोरियानेही २०१५ मध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम व जस्त यांच्या मिश्रधातूस परवानगी दिली. अंगठ्यापुरत्या लहान स्क्रूपासून मोठा भार वाहणाऱ्या मांडीच्या पट्टीपर्यंतचे अंतर मात्र अजून पुष्कळ आहे. तेथे दुसरा मार्ग, म्हणजे आवरणाचा मार्ग, उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आवरण सिरॅमिकचेच का?

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करण्याची चाल होती. कथलाचा चकचकीत थर अन्नास तांब्यापासून दूर ठेवी. तो झिजून आतला तांबूस रंग दिसू लागला की पुन्हा कल्हईवाल्यास हाक मारीत. मग मॅग्नेशियमवर एखाद्या टिकाऊ धातूचाच मुलामा का देऊ नये? याचे उत्तर लाम्बोत यांच्या पट्टीतच आहे. मुलाम्यावर एक ओरखडा पडला की, वरचा धातू व खालचा मॅग्नेशियम यांचा घट तयार होतो आणि ओरखड्याखालचा मॅग्नेशियम उघड्या धातूपेक्षाही वेगाने झिजतो. शिवाय शरीरात बसविलेल्या भांड्यास पुन्हा कल्हई करता येत नाही!

सिरॅमिक म्हणजे विटा, कौले, चिनी माती यांच्या कुळातील पदार्थ. ते वीज वाहून नेत नाहीत. म्हणून त्यांत ओरखडा पडला तरी आवरण व धातू यांचा घट बनत नाही. क्षरण चिरेपुरतेच सुरू होते. जे सिरॅमिक पदार्थ शरीरास मानवतात किंवा हाडाशी एकजीव होतात, त्यांस जैवसिरॅमिक म्हणतात. त्यांतील प्रमुख पदार्थ कॅल्शियम फॉस्फेटच्या वर्गातील आहेत. हाडाचा वजनाने सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो व ते खनिज हायड्रॉक्सिॲपटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाशी अगदी मिळतेजुळते असते. त्याचा थर दिलेल्या रोपणावर हाडाच्या पेशी आपल्याच अंगणात आल्याप्रमाणे रुजतात.

हायड्रॉक्सिॲपटाइट फार सावकाश विरघळते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्याहून लवकर विरघळते. दोहोंचे प्रमाण व थराची जाडी बदलून आवरणाचे आयुष्य पुढेमागे करता येते. घड्याळास किल्ली किती द्यावी, हे ठरविण्यासारखेच हे आहे. सिलिकेटांचाही असाच उपयोग होतो. अमेरिकेतील लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये सिलिका, सोडा, चुना व फॉस्फेट यांपासून हाडास चिकटणारी काच तयार केली. तिच्या जातीच्या काचांचे थरही मॅग्नेशियमवर देऊन पाहण्यात आले आहेत.

येथे दिल्लीच्या स्तंभाची आठवण होते. स्तंभाचे रक्षण फॉस्फेटाने केले. मॅग्नेशियमचे रक्षणही मुख्यतः फॉस्फेटच करते. मॅग्नेशियम झिजताना भोवतालचा द्रव अल्कधर्मी होतो आणि अशा द्रवातून कॅल्शियम फॉस्फेट सहज खाली बसते. त्यामुळे उघड्या मॅग्नेशियमवरही शरीर आपल्या परीने फॉस्फेटाचा थर चढवू लागते. परंतु तो उशिरा व विस्कळितपणे तयार होतो. शास्त्रज्ञ तेच काम आधीच व नीटनेटकेपणाने करून ठेवू पाहतात.

आवरण चढविण्याच्या रीती

हायड्रॉक्सिॲपटाइट धातूवर पक्के बसवावयाचे, तर ते भाजावे लागते, व त्यासाठी एक हजार अंश सेल्सियसच्या वर तपमान लागते. मॅग्नेशियम ६५० अंशांसच वितळतो. कुंभाराने मेणाच्या साच्यावर मातीचे भांडे भाजण्यास घ्यावे, तशी ही अडचण आहे. म्हणून येथे थंड रीतीच योजाव्या लागतात.

पहिली रीत भिजविण्याची. कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार असलेल्या द्रावणात धातूची वस्तू ठेवली की, तिच्यावर फॉस्फेटाचे स्फटिक बसतात. जपानमधील तादाशी कोकुबो यांनी १९९० च्या सुमारास रक्तद्रवातील क्षारांच्या प्रमाणाशी जुळणारे एक कृत्रिम द्रावण रूढ केले. आवरणे बनविण्यासाठी व त्यांची परीक्षा घेण्यासाठी ते जगभर वापरतात. ही रीत सोपी व स्वस्त आहे. पण थर ठिसूळ असतो व धातूस त्याची पकड कमी असते.

दुसरी रीत विजेची. कॅल्शियम व फॉस्फेट असलेल्या द्रावणात रोपणास ऋण टोक जोडून प्रवाह सोडला की, त्यावर फॉस्फेट जमा होते. आधी तयार केलेली सिरॅमिकची बारीक पूड द्रवात तरंगत ठेवून विजेच्या ओढीने ती धातूवर आणून बसविण्याचाही प्रकार आहे. वाकड्यातिकड्या आकारावरही या योगे सारखा थर बसतो.

तिसरी रीत ठिणग्यांची. रोपण धन टोकास जोडून काही शे व्होल्टचा दाब दिला असता त्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक ठिणग्या उडतात व धातूचेच रूपांतर कठीण ऑक्साइडच्या थरात होते. हा थर धातूतूनच उगवलेला असल्याने तो सहसा सुटत नाही. त्याची जाडी काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ठिणग्यांमुळे त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. ती बुजविण्यासाठी वरून फॉस्फेटाचा किंवा शरीरात विरघळणाऱ्या बहुवारिकाचा दुसरा थर देतात. भिंतीस आधी गिलावा व मग चुना देतात, त्याप्रमाणे खालचा थर पकडीसाठी व वरचा थर छिद्रे बुजवून हाडाशी सख्य जोडण्यासाठी, अशी ही वाटणी आहे.

चौथी रीत फ्ल्युओराइडची. हायड्रोफ्ल्युओरिक आम्लात ठेवल्याने मॅग्नेशियमवर एक-दोन मायक्रोमीटर जाडीचा मॅग्नेशियम फ्ल्युओराइडचा घट्ट थर तयार होतो. हे आम्ल अत्यंत घातक असून तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेबाहेर त्यास स्पर्शही करू नये.

आवरणाची कसोटी

कोणतेही आवरण निर्दोष नाही. सिरॅमिक ठिसूळ असते व मॅग्नेशियम थोडा वाकतो. स्क्रू पिळताना किंवा पट्टी हाडाच्या आकाराप्रमाणे वाकविताना थरास तडा गेला, तर द्रव तड्यातून आत शिरतो. आत साठणारा हायड्रोजन थरास खालून उचलतो व तेथे धातूस खळगा पडतो. सर्व पृष्ठभाग सारखा झिजला तर स्क्रू बारीक होत जातो. एकाच ठिकाणी खळगा पडला तर तो अचानक तुटतो. शल्यवैद्यास दुसऱ्या प्रकाराचीच अधिक भीती वाटते.

म्हणून परीक्षा पायरीपायरीने घेतात. प्रथम आवरण दिलेला तुकडा ३७ अंश तपमानाच्या कृत्रिम द्रावणात ठेवून त्यावर पालथे नरसाळे व मापनळी धरतात. नळीत जमलेल्या हायड्रोजनवरून किती धातू झिजला ते कळते. मग वजनातील घट, पीएचमधील फरक व वाकविल्यावरचे बळ मोजतात. पुढे पेशींवर व त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग होतात. काचपात्रातील निकाल व देहातील निकाल पुष्कळदा जुळत नाहीत. कारण देहात प्रथिने असतात, रक्त वाहत असते व हाडावर भार पडत असतो. शेवटी माणसांवरील चाचणीची पाळी येते. आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम लागू असून, दिल्ली येथील केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना त्यांचे काम पाहते. रुग्णाच्या शरीरात जावयाच्या वस्तूस ही सारी दारे ओलांडावी लागतात, आणि ते योग्यच आहे. घाईचा परिणाम लाम्बोत यांच्या रुग्णाने भोगला आहे.

शाळेत करून पाहावयाचा प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा व जवळपास ज्योत नसावी. मॅग्नेशियमच्या फितीचे प्रत्येकी दोन सेंटिमीटर लांबीचे चार तुकडे घ्या. ते बारीक पॉलिशकागदाने घासून चकचकीत करा. चार परीक्षानळ्यांत ते पुढीलप्रमाणे ठेवा.

१. पहिला तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात.
२. दुसरा तुकडा मिठाच्या पाण्यात. एक लिटर पाण्यास ९ ग्रॅम मीठ घ्यावे. रुग्णास देतात त्या सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण हेच असते.
३. तिसरा तुकडाही तशाच मिठाच्या पाण्यात, परंतु त्याभोवती तांब्याच्या उघड्या तारेचे दोन वेढे देऊन.
४. चौथा तुकडा नखरंगाचा थर देऊन, तो वाळवून व मध्ये सुईने एक बारीक ओरखडा काढून, मिठाच्याच पाण्यात.

प्रत्येक नळीत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. कोठे बुडबुडे अधिक निघतात, कोठून निघतात व गुलाबी रंग प्रथम कोठे उमटतो, याची दर दहा मिनिटांनी नोंद करा. तिसऱ्या नळीत लाम्बोत यांची चूक डोळ्यांसमोर घडताना दिसेल. चौथीत ओरखड्याचे महत्त्व कळेल. नळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवून फितींचे तुकडे पुन्हा पाहावेत.

उपसंहार

मेहरौलीच्या स्तंभावरील पापुद्रा कोणी मुद्दाम चढविलेला नाही. लोहकारांच्या भट्टीच्या रीतीतून तो आपोआप घडला आणि त्याने सोळाशे वर्षे काम दिले. मॅग्नेशियमच्या स्क्रूवरील आवरण जाणूनबुजून घडवावयाचे आहे आणि त्याने काही महिनेच काम द्यावयाचे आहे. ऐकण्यास दुसरे काम सोपे वाटेल. प्रत्यक्षात तेच अधिक अवघड आहे. जो थर कधीच सुटू नये तो जितका घट्ट तितका चांगला. जो थर वेळेवर सुटावयाचा, तो लवकर सुटला तर हाड पुन्हा हलते आणि फारच टिकला तर रोपण शरीरात राहून जाते. शिवाय तरुणाचे हाड लवकर जुळते, वृद्धाचे उशिरा. बोटाचे निराळे, मांडीचे निराळे. एकच आवरण सर्वांस पुरणार नाही.

हे काम एकट्या धातुशास्त्रज्ञाचे नाही. रसायनज्ञ, शल्यवैद्य, पेशींचा अभ्यासक व यंत्रज्ञ यांनी मिळून ते करावयाचे आहे. ते साधेल त्या दिवशी मोडलेल्या हाताचे मूल रुग्णालयातून एकदाच घरी जाईल. त्याच्या हातातील धातू पुढे केव्हा नाहीसा झाला, हे त्यास कळणारही नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस का राहिला? त्याचा स्तंभाच्या टिकण्याशी संबंध काय?
२. मॅग्नेशियमच्या पट्टीस पोलादी खिळे का वापरू नयेत?
३. दोन मिलिमीटर व्यासाच्या व वीस मिलिमीटर लांबीच्या मॅग्नेशियमच्या सळईपासून शरीराच्या तपमानास सुमारे किती हायड्रोजन होईल? ती १०० दिवसांत विरल्यास रोज सरासरी किती?
४. मॅग्नेशियमवर धातूचा मुलामा न देता सिरॅमिकचे आवरण का देतात? त्या आवरणाचे दोन दोष सांगा.
५. तुमच्या गावात कल्हई, जस्ताचा मुलामा व रंग या रीतींनी रक्षण केलेल्या वस्तू कोणत्या, याची यादी करा व प्रत्येकीचा थर निघाल्यावर काय होते ते लिहा.